पंचविसाव्याला

मार्चची अकरा तारीख. साखर पेठेतली शाळा.
पंखा आहे, लाइट नाही.
टेबलावर चौदा मुलांचे चौदा आराखडे,
प्रत्येकावर माझीच सही, तीन तिमाहींतली,
एकीपेक्षा एक घाईची.

पहिला इलियास बागवानचा.
उद्दिष्ट: बुटाची नाडी स्वतः बांधणे.
शेरा: सराव चालू.
वर्षभर मी त्याच्या पायात निळी स्लीपर बघते आहे
आणि वर्षभर सराव चालू आहे.
मी ओळ खोडली. पेन आरपार गेलं,
खालच्या मुलीच्या नावावर शाईचा ठिपका.

भूदेवी यन्नम. वय नऊ. वाचा नाही.
उद्दिष्ट दोन: एक ते वीस मोजणे.
जूनची तिमाही, साध्य नाही.
सप्टेंबर, साध्य नाही.
डिसेंबरला मी तेवढंही लिहिलं नव्हतं,
दोन बारीक रेघा ओढल्या होत्या,
किराणा यादीत ओढतात तशा.

तिची आई आली ती सूप घेऊनच.
विड्या वळून झालेल्या, कट्टे बांधायचे राहिलेले,
चारच्या आत कारखान्यात माल द्यायचा.
"खाली बसू का ओ बाई? हात चालू राहील."
भिंतीवर पाटी: तंबाखूमुक्त शाळा.
मुख्याध्यापकांनी पाटीकडे बघितलं, सुपाकडे बघितलं,
मग बराच वेळ खिडकीबाहेर.

मी विचारत गेले. झोपते का. चिडते का.
शी लागली की सांगते का.
नागमणीबाई अर्धं तेलुगूत सांगत होत्या,
मी पूर्ण मराठीत लिहीत होते.
भूदेवी आईच्या गुडघ्याला टेकून.
आईची बोटं विड्या ओढत होती, ओढत होती,
मधेच भूदेवीचा तळवा पडायचा सुपात,
आई थांबायची, दोरा गुंडाळायची.
पुन्हा विड्या. तळवा. दोरा.
चौथ्या खेपेला माझा प्रश्न अर्धाच राहिला.

"ही काय करते?"
"कट्टा झाला म्हणते की."
"म्हणजे?"
"पंचवीस झाले की हात ठेवते. दोन वर्षं झाली,
मला मोजायलाच लागत नाही ओ."

मी एक कट्टा सोडला, मोजला. पंचवीस.
दुसरा. पंचवीस.
तिसऱ्यातली एक विडी मी मुठीत लपवली,
चोरासारखी, मागच्या बाजूला वळून,
आणि उरलेल्या सुपात ठेवल्या.
आईने त्या गोळा केल्या, दोऱ्याकडे हात नेला.
भूदेवीने तिचं मनगट धरलं.
मग माझ्या मुठीकडे बघितलं.
मग उठून आली आणि माझी बोटं उघडली,
करंगळीपासून.

मुख्याध्यापक म्हणाले, छान आहे,
पण निकषात बसत नाही हो मॅडम,
इथे स्पष्ट लिहिलंय, 'तोंडी'.
कोणी लिहिलंय, मी जोरात विचारलं
आणि पान मागे उलटलं.
जून. माझं अक्षर.
तेव्हाचं बरंच सुवाच्य.

आता लिहू काय?
विड्या म्हणावं तर उद्या कोणी घरी जाऊन
त्यांना विचारेल, मुलीला कामाला लावता?
न म्हणावं तर पुन्हा त्या दोन बारीक रेघा.
नागमणीबाई सूप उचलता उचलता हळूच म्हणाल्या,
"कागदावर आमचा धंदा नका घालू ओ."

'तोंडी' खोडलं. वर लिहिलं, 'हाताने'.
पंचवीस वस्तू. अचूक.
कुठल्या वस्तू ते मोकळं सोडलं.
ती जागा अजून मोकळीच आहे,
तिथे काय यायला हवं, मला ठाऊक नाही.

त्या गेल्या. लाइट आली, पंखा फिरला,
कागद खोलीभर.
गुडघ्यांवर बसून गोळा केले.
इलियासला उद्या विचारायचंय, तुला काय बांधायचंय.
बारा अजून उरलेत.
त्यांत किती ठिकाणी मी 'तोंडी' लिहिलंय,
बघायचंय.